म्युकरची साथ ओसरली; गंभीर बुरशीजन्य आजारांची नोंद आता कशी ठेवावी?

प्रश्न : प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मराठवाडा

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. मे २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने म्युकरमायकोसिस (म्युकर, ‘काळी बुरशी’) हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्यास राज्यांना सांगितले, आणि त्यानंतरचे काही महिने आमच्याकडून रोज संध्याकाळी रुग्णांचा आकडा मागवला जात असे. नाकातून काढलेली काळपट खपली काचपट्टीवर ठेवायची, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि ती विरघळून पारदर्शक होईपर्यंत थांबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, हे काम त्या काळात मी दिवसाला कितीतरी वेळा केले. फितीसारखे रुंद, आडपडदे जवळपास नसलेले, काटकोनात फुटलेले तंतू दिसले की मी उठून थेट कान-नाक-घशाच्या वॉर्डात निरोप देत असे, कारण कागद पोहोचेपर्यंत रुग्णाचा डोळा जाण्याची भीती असे.

आज तो आकडा कोणी मागत नाही. नमुने मात्र थांबलेले नाहीत. साखर आटोक्यात नसलेले रुग्ण अधूनमधून तशीच खपली आणि तसाच सुजलेला डोळा घेऊन येतात. एचआयव्हीच्या रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यात क्रिप्टोकॉकस ही बुरशी सापडते, अतिदक्षता विभागातून आलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) कँडिडा ही बुरशी वाढते, आणि हे सारे वेगवेगळ्या वह्यांत पडून राहते. मला या सर्वांची एकच नोंदवही सुरू करायची आहे. कोणता रुग्ण त्यात धरावा, कोणता धरू नये, आणि एका रुग्णालयाच्या आकड्याचा कोणाला काही उपयोग होईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापिका, नागपूर

ताई, आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण हा प्रश्न विचारणारी माणसे प्रयोगशाळांमध्ये कमी आहेत.

रुग्ण कोणता धरावा, यासाठी जगभर ईओआरटीसी-एमएसजी या नावाने ओळखले जाणारे निकष वापरतात. त्यांत रुग्णाचे सिद्ध, संभाव्य आणि शक्य असे तीन वर्ग केलेले आहेत. मात्र हे निकष मुळात कर्करोग आणि अवयवरोपणाच्या रुग्णांवरील संशोधनासाठी तयार झाले, आणि ‘संभाव्य’ वर्गात बसण्यासाठी रुग्णाची प्रतिकारशक्ती ज्या कारणांनी घटलेली असावी लागते, त्या कारणांच्या यादीत अनियंत्रित मधुमेह नाही. स्टेरॉइड यादीत आहे, पण किमान तीन आठवडे दिलेले असावे लागते. कोविडमध्ये दहा दिवस स्टेरॉइड घेतलेला मधुमेही रुग्ण, म्हणजे २०२१ मध्ये आपण सर्वांनी सर्वाधिक पाहिलेला रुग्ण, काळी खपली असूनही त्या वर्गात नीट बसत नाही. म्हणून आपण वर्गाचे नाव लिहून थांबू नका. निदान कशाच्या आधारावर झाले, म्हणजे थेट सूक्ष्मदर्शकाने, कल्चरने, बायोप्सीने की केवळ स्कॅनवरून, हे स्वतंत्र रकान्यात लिहा. उद्या निकष बदलले तरी मूळ माहितीवरून पुन्हा वर्गवारी करता येईल.

दुसरी गोष्ट नमुन्याची. माझ्या कामाच्या पहिल्या काही वर्षांत शस्त्रक्रियागृहातून आलेला सायनसचा तुकडा अख्खाच्या अख्खा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आमच्याकडे आला होता. बायोप्सीत तंतू दिसले, पण फॉर्मॅलिनने बुरशी मेलेली असल्यामुळे कल्चर करता आले नाही, आणि ती बुरशी कोणत्या जातीची होती हे कधीच कळले नाही. तुकड्याचे दोन भाग करून एक फॉर्मॅलिनमध्ये आणि एक निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा, ही सूचना शस्त्रक्रियागृहाच्या भिंतीवर लावून घ्या. प्रयोगशाळेत आल्यावर तो तुकडा खलबत्त्यात कुटू नये, बारीक कापावा, कारण म्युकरच्या तंतूंना आडपडदे नसल्याने ते कुटताना फुटतात आणि वाढत नाहीत. एवढे करूनही सूक्ष्मदर्शकाखाली तंतू असताना कल्चर कोरे येणे नेहमीचे आहे. तेवढ्यावरून रुग्ण वहीतून काढून टाकू नका. गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन या रक्तचाचण्या म्युकर ओळखत नाहीत, त्यामुळे त्या निगेटिव्ह आल्या म्हणूनही काढू नका.

प्रतिसाद : निवृत्त जिल्हा सर्वेक्षण अधिकारी

मी एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात बरीच वर्षे काम केले. उपकेंद्रातून एस, डॉक्टरांकडून पी आणि प्रयोगशाळेतून एल असे छापील तक्ते दर आठवड्याला भरून येत. हगवण, हिवताप, डेंग्यू, गोवर, अगदी सर्पदंशालाही पी तक्त्यात ओळ होती. बुरशीजन्य आजारांना नव्हती. ‘इतर’ म्हणून लिहिण्याची सोय होती, पण ज्याला ओळ नाही ते कोणी लिहीत नाही, हा माझा अनुभव आहे.

याचा परिणाम २०२१ मध्ये दिसला. जुलैपर्यंत देशात म्युकरचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले, आणि महाराष्ट्र व गुजरात ही सर्वाधिक रुग्णांची राज्ये होती. परंतु कोविडपूर्वी वर्षाला किती रुग्ण होत, हे मोजलेले नव्हते. दर दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे १४० रुग्ण हा जो आकडा सर्वत्र दिला जातो, तो गणिती प्रतिमानावरून काढलेला अंदाज आहे. वाढ किती झाली हे सांगायला आधीची पातळी हातात असावी लागते, आणि अँफोटेरिसिन या म्युकरवरील औषधाचा किती साठा ठेवायचा हेही त्याच पातळीवर ठरते. त्या मे महिन्यात एकेका इंजेक्शनसाठी नातेवाईक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात फिरत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते विसरता येत नाही.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. रुग्णांबरोबर त्या महिन्यात बुरशीसाठी एकूण किती नमुने तपासले, हेही लिहा. मार्चमध्ये चार रुग्ण आणि एप्रिलमध्ये नऊ, एवढ्यावरून काही ठरत नाही; एप्रिलमध्ये नवे डॉक्टर रुजू होऊन नमुने दुप्पट पाठवू लागले असतील तर वाढ आजाराची नसून तपासणीची आहे. ज्या महिन्यात एकही रुग्ण नाही, त्या महिन्यासमोर शून्य लिहा. मोकळी जागा सोडली की नंतर पाहणाऱ्याला रुग्ण नव्हता की नोंद राहिली, हे समजत नाही.

प्रतिसाद : अतिदक्षता विभागातील डॉक्टर, पुणे

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मी केवळ कँडिडाविषयी लिहितो. अहवालात ‘कँडिडा, अल्बिकन्स नव्हे’ एवढेच आले, म्हणजे अल्बिकन्स ही जात नाही एवढेच कळले आणि नेमकी जात कळली नाही, तर सर्वेक्षणाच्या दृष्टीने तो अहवाल अर्धाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये १९ बुरशींची प्राधान्ययादी प्रसिद्ध केली, आणि तिच्या सर्वांत गंभीर गटातील चार नावांत कँडिडा ऑरिस आहे. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातील स्रावातून तिचे प्रथम वर्णन झाले आणि २०१३ मध्ये दिल्लीतील रुग्णांविषयी शोधनिबंध आला. ती खाटेच्या कठड्यांवर आणि उपकरणांवर दीर्घकाळ टिकते, एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला बहुधा दाद देत नाही. तेव्हा तिचा एक रुग्णसुद्धा त्याच दिवशी संसर्ग नियंत्रण समितीला कळवायला हवा. महिन्याच्या गोषवाऱ्याची वाट पाहू नये.

जंतूंची जात ओळखणाऱ्या व्हायटेक यंत्राची जुनी माहितीसूची तिला कँडिडा हेम्युलोनाय असे दाखवीत असे. आपल्या यंत्राने हे नाव दिले तर नमुना ४२ अंशांवर वाढवून पाहा. ऑरिस त्या तापमानाला वाढते, हेम्युलोनाय सहसा वाढत नाही. अंतिम ओळख मात्र माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जात ओळखणारी चाचणी) किंवा जनुकीय क्रमवाचनानेच पटवावी, त्यासाठी नमुना मोठ्या केंद्राकडे पाठवावा. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे.

प्रतिसाद : कृषी पदवीधर, निफाड

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, तरी एक मुद्दा मांडतो. आमच्याकडे द्राक्षावरील भुरीसाठी हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल अशी ट्रायझोल वर्गातील औषधे फवारतात. अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या फुप्फुसाच्या आजारात रुग्णाला दिले जाणारे व्होरिकोनॅझोल याच वर्गातले आहे, आणि शेतातील फवारणीमुळे मातीतील अ‍ॅस्परजिलस या औषधांना प्रतिरोधक होऊ शकते, हे नेदरलँड्समधील अभ्यासांनी पुढे आणले आहे. आपल्या वहीत रुग्णाचा व्यवसाय आणि गाव लिहिले, तर पुढे कोणाला हा धागा तपासता येईल. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी हे नाही. बागेत फवारा मारणारा माणूसच ते बीजाणू सर्वांत आधी श्वासावाटे आत घेतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. काल मी दोनशे पानी वही आखली. तारीख, वय, गाव, व्यवसाय, मधुमेह, स्टेरॉइड किती दिवस, नमुना कशाचा व कशात आला, निदानाचा आधार, बुरशीची जात आणि तीस दिवसांनंतर रुग्णाची स्थिती असे रकाने केले आहेत. रुग्णाचे नाव न लिहिता केवळ नोंदणी क्रमांक लिहिणार आहे. प्रत्येक महिन्याच्या पानावर तपासलेल्या एकूण नमुन्यांसाठी वर चौकट ठेवली आहे. मॅडमनी सांगितलेली सूचना आज सकाळी शस्त्रक्रियागृहाच्या इन्चार्ज सिस्टरांकडे दिली, आणि दुपारी आलेला सायनसचा तुकडा पहिल्यांदाच दोन बाटल्यांत आला.

अधिकारी साहेबांना एक विचारायचे आहे. तीस दिवसांनंतरची स्थिती कळण्यासाठी रुग्णाला फोन करावा लागेल. ते काम प्रयोगशाळेने करावे, की जिल्हा सर्वेक्षण कक्षाकडे यादी द्यावी?