गुडघ्याचा पट्टा आणि सभासदांची यादी (सोसायटी ग्रुप, बोरिवली पूर्व)

जोशी काकू, ए-२०३: *फॉरवर्डेड* उद्यापासून फेसबुक तुमचे सगळे फोटो वापरणार!! 'मी परवानगी देत नाही' असं लिहून हा मेसेज आपल्या वॉलवर चिकटवा. वकिलांनी सांगितलंय 🙏

सावंत, बी-४०१: टाकला लगेच.

केतकी, सी-१०२: काकू, मी कॉलेजात होते तेव्हापासून फिरतोय हा. चिकटवून काही होत नाही. अकाउंट उघडताना ज्याला 'आय ॲग्री' केलं, तेच लागू.

जोशी काकू, ए-२०३: अगं पण ऐकतात मेले! परवा ह्यांना नुसतं म्हटलं, गुडघ्याचा पट्टा घ्यायला हवा. रात्री फेसबुक उघडलं तर पट्टेच पट्टे. आता फोन तांदळाच्या डब्यात ठेवते.

केतकी, सी-१०२: मेडिकलमध्ये बिल करताना मोबाईल नंबर देता का?

जोशी काकू, ए-२०३: मागतातच ना. पॉइंट मिळतात.

केतकी, सी-१०२: दुकानाला गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी फेसबुकवर चढवता येते. तुमचं अकाउंट त्याच नंबरावर असलं की जुळलं, हीच ती बाई. शिवाय बऱ्याच वेबसाइटवर मेटाचा, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीचा, छोटा कोड बसवलेला असतो, पिक्सेल म्हणतात. कुठलं पान उघडलं, कार्टमध्ये काय टाकलं, पैसे न भरता परत फिरलात का, सगळ्या चहाड्या तो करतो. चोरून ऐकतात याचा पक्का पुरावा अजून कुणी दिलेला नाही. आणि खरं सांगू, ऐकायची गरजच काय? काकांनी पट्टे शोधले होते का कुठे?

जोशी काकू, ए-२०३: तीन दिवस तेच चाललं होतं टॅबवर 😐 टॅबमध्ये फेसबुक माझं आहे.

केतकी, सी-१०२: झालं तर मग. सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', त्यात 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. तुमची माहिती कुणीकुणी पाठवली ते दिसतं. तिथूनच बंदही करता येतं. संध्याकाळी या, करून देते.

सावंत, बी-४०१: उघडलं. १९४ नावं!! त्यात लग्न जुळवायची साइट कुठून आली? मिसेसना सांगू नका.

सौ. सावंत, बी-४०१: मी ग्रुपवरच आहे.

पाठारे काका, खजिनदार: व्हॉट्सॲप तरी सेफ ना? कुलपाचं चित्र येतं.

केतकी, सी-१०२: मजकूर सेफ आहे काका, २०१६ पासून कुलूपबंद. पण कोण कोणाशी, कधी बोलतं, कुठल्या ग्रुपात आहे, हे कंपनीला कळतं. २०२१ ची ती पॉलिसी आठवते, व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्या बाकी कंपन्यांना द्यायची? 'मान्य करा' म्हणून मागे लागले होते. त्याच्यापायीच स्पर्धा आयोगाने २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड लावला. कंपनी अपिलात गेली. आता आपला २०२३ चा डेटा कायदाही आहे, त्यात दंड २५० कोटींपर्यंत.

सावंत, बी-४०१: त्यातले आपल्याला किती?

केतकी, सी-१०२: शून्य. सगळा सरकारजमा.

पाठारे काका, खजिनदार: छान माहिती 👍 आता कामाचं. सभासदांची यादी टाकतोय. नाव, मोबाईल, जन्मतारीख, पॅन. आपापलं तपासून आजच कळवा.

पाठारे काका, खजिनदार: 📄 सभासद_यादी_फायनल_२

केतकी, सी-१०२: काका!!! काढा ती! ह्या ग्रुपात केबलवाला आहे, प्लंबर आहे, सोडून गेलेले तीन भाडेकरू आहेत.

पाठारे काका, खजिनदार: सॉरी सॉरी. काढली.

केतकी, सी-१०२: मला दिसतेय अजून. 'डिलीट फॉर मी' दाबलंत का?

पाठारे काका, खजिनदार: माझ्याकडून तर गेली.

सावंत, बी-४०१: ॲडमिनला काढता येते. कोण आहे ॲडमिन?

सौ. सावंत, बी-४०१: फक्त सेक्रेटरी. ते मालवणला गेलेत. सकाळपासून एकच टिक.

प्लंबर: ए-२०३ काकू, उद्या वाढदिवस ना तुमचा? ॲडव्हान्समध्ये शुभेच्छा 🎂 सत्तर वाटत नाही.