मदत हवी आहे: ओम्नीचं स्टेअरिंग वळणानंतर सरळ येत नाही

नमस्कार मंडळी. गाडी ओम्नी, २०११ ची, पेट्रोल, १ लाख १८ हजार किमी झालेली. माझं चिपळूणला भाजीचं दुकान आहे. आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला जातो आणि मागची सीट काढून पोती भरून आणतो. म्हणजे गाडी हौसेची नाही, पोटाची आहे.

तक्रार अशी की घाटात वळण घेतलं की स्टेअरिंग आपणहून माघारी फिरत नाही. पूर्वी पकड सैल केली की हातातून सरसर सरकत सरळ व्हायचं. आता सोडावं तिथंच बसून राहतं, ओढून आणावं लागतं. सरळ रस्त्यावर पन्नास-साठला गाडी डावीकडे जाते, सावरायला गेलं की जरा जास्तच उजवीकडे. परवा घाट उतरून घरी आलो तर खांदे भरून आले होते. बायको शेजारी होती, म्हणाली, "अहो, प्यायल्यासारखी काय चालवताय?"

सुरुवातीला नुसता प्ले होता. चाकं जागची न हलता स्टेअरिंग दोन-तीन बोटं फिरायचं. गॅरेजवाल्याने दोन्ही टायरॉड एंड (चाकाला वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकाचे सांधे) बदलले, फरक शून्य. दोनदा अलाइनमेंट झालं. मग त्याने खाली झोपून "रॅक टाइट केली" (रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की आडवी सरकून चाकं वळवणारी दात्यांची पट्टी). प्ले निम्म्यावर आला, पण हे माघारी न येणं त्यानंतरच सुरू झालं, हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात येतंय. आता तो म्हणतो अख्खी रॅक बदला. खर्चाला ना नाही, पण टायरॉडच्या वेळीही "हेच आहे" असंच म्हणाला होता.

रॅकच गेली आहे हे घरी कसं ओळखायचं? पुढचा डावा टायर आतल्या बाजूने जास्त झिजलाय. हवा बरोबर आहे.

जुना_खटारा:
थांबा, रॅक घेऊ नका. लिहिता लिहिता लक्षात आलंय तेच बहुतेक खरं आहे.

रॅकच्या पाठीमागे एक स्प्रिंग आणि तिला दाबणारा स्क्रू असतो. दात्यांची पट्टी पिनियनला (स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला) चिकटून राहावी म्हणून. प्ले कुठलाही असो, हा स्क्रू आवळला की हाताला तो कमी झाल्यासारखा वाटतो, पण पट्टी जाम होते. स्टेअरिंग माघारी येतं ते कॅस्टरमुळे, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याच्या तिरकेपणामुळे. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ धावते, तसंच. ही ताकद मुळात बेताची. वाटेत कुठे घासलं की संपली. त्यात तुमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे सगळं थेट हाताला कळतं. हा तसा फायदाच.

आता तपासणी. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग दोन बोटांपुरतंच डावं-उजवं हलवत राहायचं. दुसऱ्याने टॉर्च घेऊन वरपासून खालपर्यंत एकेका सांध्यावर बोट ठेवायचं. ज्या सांध्याची अलीकडची बाजू हलते आणि पलीकडची उशिरा हलते, प्ले तिथेच. मग पुढची चाकं उचला (खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत शिरू नका) आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. एका फेरीत दोनदा जड, दोनदा हलकं लागलं तर शाफ्टचा क्रॉस (स्टेअरिंगच्या दांड्यातला वळता सांधा) धरलाय. सगळीकडे सारखंच जड असेल तर स्क्रू जास्त आवळलाय. चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा, तिथे खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेरिंग बघावं लागेल.

आणि एक विचारतो. चिपळूण म्हणता, तर २०२१ च्या पुरात गाडी कुठे होती?

धागाकर्ता:
दारातच. २२ जुलैला पाणी सीटच्या वर होतं. नंतर इंजिन उतरवून साफ केलं, वायरिंग बदललं, सीटा फेकल्या. स्टेअरिंगकडे कोण बघतंय हो तेव्हा. गाडी चालू झाली याचाच आनंद.

घाटवाट:
टायरही विसरू नका. पुढचे दोन आपसात बदलून बघा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. आपला रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता असतो, तेव्हा थोडी डावीकडे जाणारच. आणि पोती मागच्या दाराशी रचू नका. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटांखाली, मागे वजन पडलं की पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी भरकटते. जड माल पुढच्या सीटांना टेकवून लावा.

धागाकर्ता:
रविवारी मेहुण्याला स्टेअरिंगवर बसवून बघितलं. टायरॉड चांगले आहेत. शाफ्टच्या खालच्या क्रॉसची वरची बाजू टक्क करून फिरते, खालची जरा थांबून. जॅकवर एका फेरीत दोनदा जड लागलं, तेही दर वेळी त्याच जागी! शिवाय रॅकच्या डाव्या टोकावरच्या रबरी बुटाच्या (घड्यांच्या आवरणाच्या) घड्यांत पुराचा चिखल अजून आहे. वाळून खापरीसारखा झालाय, दाबला की करकरतो. बुटाला बारीक चीर आहे.

जुना_खटारा:
एकच क्रॉस एका बाजूला झिजलाय आणि दुसऱ्या बाजूला गंजून धरलाय. प्लेही तोच देतोय, जडपणाही. त्याचं पाप टायरॉडच्या आणि रॅकच्या माथी मारलं गेलं.

क्रॉस बदला. बूट मागे सरकवून आतला दांडा पुसून बघा. गंजाचे खड्डे दिसले तर गॅरेजवाल्याचं ऐका. दांडा गुळगुळीत असेल तर नवा बूट, नवं ग्रीस आणि तो स्क्रू थोडा सैल. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. तिथे टो (वरून पाहता पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तेवढा जुळवतात आणि सांध्यात प्ले असताना जुळवलेला टो रस्त्यावर टिकत नाही. तोवर घाट नको, भाजी कुणाच्या तरी टेम्पोतून आणा.

शाफ्ट काढण्याआधी चाकं सरळ ठेवा आणि शाफ्ट व पिनियनवर एका रेषेत खूण करा. एक दाता इकडेतिकडे बसला की गाडी सरळ आणि स्टेअरिंग वाकडं. खडूची खूण नको, ग्रीसच्या हाताने पुसली जाते.

धागाकर्ता:
बुधवारी काम काढलंय. खुणेसाठी बायकोकडे नेलपॉलिश मागितलं. लाल दिलं नाही, जुनं वाळत आलेलं जांभळं दिलंय. चालेल ना?

जुना_खटारा:
पळेल. पण खूण करायची जागा आधी पेट्रोलने पुसून घ्या.