एचएटी-पी-३२ बी चं अधिक्रमण ११ मिनिटं आधी दिसलं. कक्षा आकसतेय की मोजणीत चूक?

देवयानी_वेध (प्रश्न)

नमस्कार. देवयानी तारकासमूहातल्या एचएटी-पी-३२ बी या बाह्यग्रहाचं (दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं) अधिक्रमण, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचं किंचित मंदावणं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्ण टिपलं आहे. आधी आणि नंतर जवळजवळ एकेक तासाचा डेटाही आहे.

साधनं: २०० मिमी एफ/५ न्यूटोनियन दुर्बीण, जर्मन इक्वेटोरियल माउंट, कूलिंग असलेला मोनो सीमॉस कॅमेरा, लाल फिल्टर, ६० सेकंदांचं एक्स्पोजर. एअरमास (प्रकाश किती वातावरणातून येतो त्याचं माप, डोक्यावर १) १.२५ पासून सुरू होऊन १.१२ पर्यंत उतरला आणि शेवटी १.४६ झाला. मोजणी ॲस्ट्रोइमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये, तेज ताडायला शेजारचे दोन तुलना तारे घेऊन. फ्लॅट (सेन्सरवरची असमान उजळी दुरुस्त करायच्या फ्रेम) १५, दुसऱ्या दिवशी कॅमेरा पुन्हा लावून घेतलेले.

प्रकाशवक्रात (वेळेनुसार तेजाच्या आलेखात) तीन गोष्टी खटकतात.

अधिक्रमणाचा मध्यक्षण भाकितापेक्षा ११ मिनिटं आधी येतो. भाकीत काढताना प्रसिद्ध झालेल्या संदर्भक्षणात (आधी मोजलेल्या एका मध्यक्षणात) २.१५०००८ दिवसांच्या आवर्तनकाळाचे पूर्ण पट मिळवले. निरीक्षणाची वेळ फाइलच्या हेडरमधून घेऊन ज्युलियन दिनांकात (दिवसांच्या सलग मोजणीत) बदलली. दुसरं, मध्यक्षणाच्या सुमारे १५ मिनिटं आधी मेरिडियन फ्लिप झाला (तारा याम्योत्तर, म्हणजे आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा, ओलांडल्यावर माउंटने दुर्बीण उलट बाजूला नेली) आणि तिथून पुढे तारा एकदम ०.४ टक्क्यांनी उजळ दिसतो. तिसरं, अधिक्रमणाआधीची आणि नंतरची पातळी जुळत नाही, वक्र तिरका आहे.

वॉस्प-१२ बी या बाह्यग्रहाची कक्षा आकसत असल्याचं २०२० मध्ये पक्कं झालं. इथेही तसं काही असू शकेल का?

कालगणक

आधी ११ मिनिटांचा हिशोब करू, कारण त्यातली बहुतेक मिनिटं आकाशातली नाहीत, वेळेच्या मापातली आहेत.

प्रसिद्ध संदर्भक्षण जवळजवळ नेहमी बीजेडी-टीडीबी या मापात असतो. म्हणजे ताऱ्याचा प्रकाश सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यापाशी कधी पोचला असता, ती वेळ. तुमची वेळ आहे पृथ्वीवर प्रकाश पोचल्याची, तीही यूटीसी या नेहमीच्या जागतिक घड्याळवेळेत. या दोहोंची थेट वजाबाकी करता येत नाही.

फरक किती पडतो ते बघा. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला ८.३ मिनिटं लागतात. हा तारा क्रांतिवृत्तापासून, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलापासून, सुमारे ३२ अंश उत्तरेला आहे, म्हणून दुरुस्तीची कमाल किंमत ८.३ गुणिले ३२ अंशांचा कोसाइन, म्हणजे साधारण ७ मिनिटं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हा तारा सूर्याच्या जवळपास विरुद्ध बाजूला असतो. तेव्हा पृथ्वी ताऱ्याच्या बाजूला असते आणि प्रकाश आपल्याकडे ७ मिनिटं आधी पोचतो. यूटीसीवरून टीडीबी या खगोलगणिताच्या एकसमान वेळमापावर जायला सध्या आणखी ६९.१८ सेकंद मिळवावे लागतात. हे झाले ८.२ मिनिटं. शिवाय हेडरमधली वेळ बहुतेक कॅमेरा-सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर सुरू झाल्याची असते. ६० सेकंदांच्या फ्रेमला त्यात ३० सेकंद मिळवायला हवेत. एकूण ८.७ मिनिटं, आणि सगळी एकाच दिशेने, तुमचा मध्यक्षण लवकर दाखवणारी.

ताळा करायचा असेल तर हेच अधिक्रमण फेब्रुवारीच्या सुरुवातीला घ्या आणि मुद्दाम कच्च्या ज्युलियन दिनांकातच ठेवा. त्या सुमारास प्रकाशाच्या प्रवासाची दुरुस्ती शून्याजवळ येते, त्यामुळे फरक पावणेदोन मिनिटांच्या आसपासच राहील. ऋतूप्रमाणे बदलणारा फरक दिसला की तो पृथ्वीच्या सूर्याभोवती फिरण्याचा समजावा. १६७६ मध्ये रोमरने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांवरून नेमका हाच परिणाम पकडला होता.

संगणकाचं घड्याळही तपासा. ते एनटीपीशी (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेशी) जोडलेलं नसेल तर एका रात्रीत काही सेकंद सहज सरकतं. निरीक्षण सुरू करण्याआधी वेळ जुळवा आणि संपल्यावर किती सरकली ते लिहून ठेवा.

वॉस्प-१२ बी बद्दल: त्याचा आवर्तनकाळ वर्षाला सुमारे २९ मिलिसेकंदांनी घटतो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा किंचित लहान, त्यामुळे फरक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात साठतो आणि दहा वर्षांत साधारण ८ मिनिटं होतो. ती गोष्ट सिद्ध व्हायला अनेक वर्षांची शेकडो मोजमापं लागली. एका रात्रीच्या एका बिंदूवरून कक्षा आकसल्याचं म्हणता येणार नाही.

याम्योत्तर

कालगणक यांच्याशी सहमत. उरलेली दोनेक मिनिटं ०.४ टक्क्यांच्या उडीत सापडतील. या ग्रहाच्या अधिक्रमणाची खोली सुमारे २.२ टक्के आहे आणि बाहेर पडताना वक्राला वर यायला साधारण २४ मिनिटं लागतात, म्हणजे मिनिटाला जेमतेम ०.०९ टक्के. उत्तरार्ध ०.४ टक्क्यांनी वर सरकला तर वर येणारी बाजू चारेक मिनिटं लवकर आल्यासारखी दिसते आणि मध्यक्षण त्याच्या निम्म्याने अलीकडे, म्हणजे लवकरच्या बाजूला, ओढला जातो.

उडी का येते? फ्लिपनंतर चित्र १८० अंशांत फिरतं आणि प्रत्येक तारा सेन्सरच्या दुसऱ्याच पिक्सेलवर बसतो. फ्लॅट अचूक असता तर काही बिघडलं नसतं, पण कॅमेरा काढून पुन्हा लावल्यावर घेतलेला फ्लॅट त्या रात्रीच्या प्रकाशमार्गाचा नसतोच. दुरुस्त केलेली एखादी फ्रेम खूप ताणून बघा. धुळीच्या एकाच कणाची एक काळी आणि तिच्या शेजारी एक उजळ कडी दिसली तर फ्लॅट जुळत नाही हे नक्की.

पुढच्या वेळी फ्लॅट त्याच रात्री किंवा पहाटेच्या संधिप्रकाशात, कॅमेरा आणि फोकस न हलवता घ्या. १६ बिटांच्या फाइलमध्ये सरासरी ३०,००० च्या आसपास ठेवा आणि १५ ऐवजी किमान ४० फ्रेम घ्या. गाइडिंगमध्ये (एका ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण स्थिर राखण्यात) तारा रात्रभर दोन-तीन पिक्सेलांत राहिला पाहिजे. डिदरिंग (फ्रेमगणिक दुर्बीण मुद्दाम किंचित हलवणं) बंद. सुंदर फोटोसाठी ते चांगलं, इथे घातक. माउंट परवानगी देत असेल तर याम्योत्तर ओलांडून तासभर तसंच चालू ठेवा, किंवा फ्लिप अधिक्रमण सुरू होण्याआधीच उरकून घ्या. ध्रुवजोडणीही बारकाईने करा, नाहीतर गाइड तारा जागेवर राहूनही बाकीचं क्षेत्र त्याच्याभोवती हळूहळू फिरतं.

वर्णांक

तिरकेपणाबद्दल थोडं. तुलना ताऱ्यांचे बी-व्ही रंगांक (निळ्या आणि हिरवट-पिवळ्या फिल्टरमधल्या तेजाचा फरक; जास्त म्हणजे तांबूस) किती आहेत? एचएटी-पी-३२ हा एफ वर्गाच्या शेवटाकडचा, पांढरट-पिवळा तारा आहे. तुलना तारा तांबूस असेल तर वातावरण दोघांचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं आणि एअरमास बदलला की गुणोत्तर सरकतं. रंगांकाचा फरक ०.३ च्या आत ठेवा आणि दोनाऐवजी पाच-सहा तारे घ्या. प्रत्येकाला उरलेल्यांशी ताडून पाहा. जो एकटाच वळवळतो तो चलतारा असू शकतो, त्याला काढा.

ताऱ्याच्या शिखर पिक्सेलची किंमत कमाल मर्यादेच्या ६०-७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. जात असेल तर एक्स्पोजर कमी करण्याऐवजी फोकस थोडा बिघडवा. लहान एक्स्पोजरला लुकलुक जास्त भोवते: २०० मिमी दुर्बिणीला समुद्रसपाटीवर ६० सेकंदांत ती डोक्यावर सुमारे ०.११ टक्के असते, एअरमास १.४६ ला त्याच्या जवळजवळ दुप्पट. मुख्य ताऱ्यापासून २.९ आर्कसेकंदांवर एक अंधूक लाल तारा आहे, पण तो मापनवर्तुळात कायमच राहतो, त्यामुळे मध्यक्षणाला त्याचा त्रास नाही.

देवयानी_वेध

तिघांचेही आभार. दोन तुलना ताऱ्यांपैकी एकाचा रंगांक १.३ निघाला, तो काढतो आहे. एक विचारायचं होतं: हा डेटा वाचवता येईल की टाकून द्यावा?

याम्योत्तर

टाकू नका, दोन्ही बाजूंचा सपाट भाग तुमच्याकडे आहे ही मोठी जमेची बाजू. फिटमध्ये (मोजलेल्या बिंदूंवर गणिती वक्र बसवताना) फक्त दोन दुरुस्त्या घ्या: फ्लिपच्या वेळची एक पायरी आणि एअरमास. ॲस्ट्रोइमेजजेमध्ये दोन्हींची सोय आहे. त्यावर आकाशाची उजळी, ताऱ्याची रुंदी, एक्स आणि वाय असं सगळं लादू नका. जास्त चल घेतले की फिट अधिक्रमणच खायला लागतो, खोली कमी येते आणि अनिश्चितता मात्र खोटी छोटी दिसते. दुरुस्त्या डोळ्यांनी आधी करून मग फिट करू नका. सगळं एकत्रच फिट करा, म्हणजे पायरीची अनिश्चितता मध्यक्षणात उतरते.

कालगणक

आणि अक्षांश-रेखांश, उंची, ताऱ्याचे निर्देशांक भरून बीजेडी-टीडीबीचा रकाना सॉफ्टवेअरकडूनच काढून घ्या. बिंदूंचं विखुरणं ०.३ टक्क्यांच्या आसपास असेल तर मध्यक्षण एक-दीड मिनिटाच्या अनिश्चिततेने मिळायला हरकत नाही.

असं एकेक मोजमाप खरोखर कामाला येतं. आवर्तनकाळात ०.००००१ दिवसाची चूक हजार फेऱ्यांनंतर १४ मिनिटांची होते, आणि मोठ्या दुर्बिणींची वेळ चुकलेल्या भाकितावर वाया जाते. युरोपीय अंतराळ संस्थेच्या एरियल मोहिमेला सुमारे हजार बाह्यग्रहांची वातावरणं बघायची आहेत, आणि तिच्या वेळापत्रकासाठी एक्सोक्लॉक प्रकल्प हौशी निरीक्षकांचे वेध गोळा करतो. या ग्रहावर तर लक्ष असतंच: त्याच्यातून निसटणाऱ्या हेलियमच्या शेपट्या ग्रहाच्या त्रिज्येच्या ५३ पटींहून लांब पसरल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

पाठवताना नुसतं आलेखाचं चित्र देऊ नका. वेळ, सापेक्ष तेजस्विता आणि तिची अनिश्चितता असे तीन रकाने, दुरुस्ती न केलेले, आणि सोबत फिल्टर, एक्स्पोजर, तुलना ताऱ्यांची यादी आणि फ्लिपची नेमकी वेळ द्या.