विषय: लग्नाचं लायसन्स, सर्टिफिकेट आणि काउंटी क्लार्कचं ऑफिस

प्रेषक: कौस्तुभ, सनीव्हेल

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आमचं लग्न नापाला आहे. विधी वैदिक, गुरुजी फ्रीमाँटहून येणार. मी आणि सई दोघंही सांता क्लारा काउंटीत राहतो आणि दोघांचे पासपोर्ट भारतीय आहेत. मी नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, ती विद्यार्थ्यांच्या एफ-१वर. लग्नाआधी काढायचं ते परवानगीचं लायसन्स नापाला काढायचं की इथेच? पब्लिक की कॉन्फिडेन्शियल? गुरुजींची सही चालते का? पुढे भारतात दाखवायला कोणता कागद लागतो? शिवाय सईला लायसन्सवरच नाव बदलून घ्यायचंय. मधल्या वडिलांच्या नावाच्या जागी माझं नाव आणि शेवटी माझं आडनाव. ते कसं करतात?

प्रेषक: मेधाताई, फॉस्टर सिटी

कौस्तुभ, तुझं आणि सईचं मनापासून अभिनंदन. नावाबद्दल श्रीपादकाका लिहितील, बाकीचं मी सांगते.

पब्लिक लायसन्स कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही काउंटीतून काढलं तरी राज्यभर चालतं, तेव्हा सांता क्लारातूनच काढा. पण एक गोष्ट आत्ताच घरात सांगून ठेव: लग्न नापाला लागलं तरी नोंद सांता क्लारातच राहणार. ज्या काउंटीने लायसन्स दिलं, सही होऊन ते तिच्याकडेच परत जातं. पुढे कधी कॉपी लागली की लोक लग्न जिथे लागलं तिथे अर्ज करतात आणि 'नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं की घाबरून जातात.

लायसन्स ९० दिवस चालतं. जुलैच्या सुरुवातीला काढून ठेवलंत तर ऑक्टोबरात ते संपलेलं असेल, आणि संपलेल्या लायसन्सवर लग्न लावता येत नाही, मुदतही वाढत नाही, नवीनच घ्यावं लागतं. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ही तुमची वेळ. रक्ततपासणी नाही, थांबायचे दिवस नाहीत, नागरिक किंवा रहिवासी असण्याची अट नाही. अर्ज आधी ऑनलाइन भरता येतो, पण दोघांनी हजर होऊन सही केल्याशिवाय लायसन्स हातात पडत नाही. काही काउंट्या हे व्हिडिओवरूनही करून देतात. तरी मी काउंटरवर जाण्याचाच आग्रह धरीन. क्लार्क छापण्याआधी तुम्हाला मजकूर तपासायला देतो आणि पुढचं अर्धं दुखणं त्या पाच मिनिटांत टळतं. मूळ पासपोर्ट न्या. दोघांपैकी कुणाचा आधी घटस्फोट झाला असेल तर अंतिम निकालाची तारीख लागते, आणि काही काउंट्या निकालाची प्रतही मागतात. ती सोबत असू द्या.

आपल्याकडच्या मंडळींचं हमखास अडतं ते आई-वडिलांच्या रकान्यात. तिथे आईचं जन्मनाव हवं असतं. आपल्या कितीतरी आयांचं लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं आहे. त्यामुळे माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आईला विचारून स्पेलिंगसकट कागदावर लिहून न्या. काउंटरवर उभं राहून पुण्याला फोन लावण्याची ती वेळ नव्हे, तिकडे मध्यरात्र असते.

पब्लिक की कॉन्फिडेन्शियल? कॉन्फिडेन्शियलसाठी दोघं आधीपासून पती-पत्नीसारखे एकत्र राहत असल्याचं शपथेवर लिहून द्यावं लागतं. साक्षीदार लागत नाही, पण नोंद बंद राहते. कोर्टाच्या आदेशाशिवाय कॉपी फक्त तुम्हा दोघांनाच मिळते. पब्लिकला एक साक्षीदार सक्तीचा, दुसरा ऐच्छिक. पण नोंदीची अधिकृत कॉपी आई-वडील, भावंडं, पुढे मुलं यांनाही काढता येते. तुम्ही भारतात असताना इथून कुणीतरी कॉपी काढून पाठवायची वेळ कधीतरी येतेच. म्हणून पब्लिक घ्या.

गुरुजींची सही चालते. कॅलिफोर्नियात पुरोहिताला राज्याकडे नाव नोंदवावं लागत नाही. कुठल्याही धर्माचा अधिकृत पुरोहित, वय १८ पूर्ण, एवढं पुरे. मात्र लायसन्स विधी सुरू होण्याआधी त्यांच्या हातात द्या. गुरुजींनी आपलं नाव, पद, पंथ आणि पत्ता सुवाच्य लिहायचा, काळ्या शाईने. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. खाडाखोड झाली की काउंटी कागद परत पाठवते.

तारखेकडे तू स्वतः लक्ष दे. भारतातल्या सवयीने ४ ऑक्टोबर म्हणजे ४/१० लिहिलं जातं आणि इथे ते १० एप्रिल वाचलं जातं. म्हणजे कागदावर लग्न लायसन्स निघण्याच्या आधीच लागलं! एका वेगळ्या कागदावर महिना-दिवस-वर्ष असं लिहून गुरुजींच्या पुढ्यात ठेव, त्यांना तसंच उतरवू दे. साक्षीदारांनाही सही करण्याआधी त्यांचा रकाना बोटाने दाखव. वराचे वडील दुसऱ्याच रकान्यात सही करून मोकळे होतात, हे फार वेळा होतं.

सही झालेला कागद लग्नानंतर १० दिवसांच्या आत काउंटीकडे पोचवायची जबाबदारी कायद्याने गुरुजींची आहे, पण त्याच वीकेंडला त्यांची आणखी दोन लग्नं असतात. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट त्यांना आधीच द्या, किंवा त्यांच्या संमतीने तुमच्यापैकी कुणीतरी ट्रॅकिंगने पाठवा. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. पोस्टात गहाळ झालं तर गुरुजींना शपथपत्र देऊन डुप्लिकेट लायसन्स काढता येतं, पण लग्नापासून वर्षाच्या आतच.

आणि शेवटचं. पब्लिक लायसन्सची नोंद झाली की सर्टिफिकेट आपोआप घरी येईल म्हणून वाट बघत बसू नका. ते मागवावं लागतं. देवळातून मिळणारं सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, कायद्याच्या कामाला त्याचा उपयोग नाही. नोंद व्हायला काही आठवडे द्या आणि मग 'ऑथराइज्ड' सर्टिफाइड कॉपी मागा, 'इन्फर्मेशनल' नको. इन्फर्मेशनलवर ओळख सिद्ध करायला हा कागद चालत नाही असं ठळक छापलेलं असतं. ती मागायचा हक्क असल्याचं शपथपत्र द्यावं लागतं, ते काउंटरवर तिथल्या तिथे होतं. टपालाने मागवलंत तर ते नोटरी करून जोडावं लागतं, आणि नोटरी नसलेले अर्ज परत येतात. निदान तीन कॉपी घ्या आणि एकही लॅमिनेट करू नका.

सॅन फ्रान्सिस्कोत लग्न करणाऱ्यांसाठी: तिथे लायसन्स काउंटी क्लार्क देतो, पण पब्लिक लग्नाच्या कॉपी असेसर-रेकॉर्डरकडे मिळतात. सांता क्लारा आणि अलामेडात दोन्ही कामं एकाच क्लार्क-रेकॉर्डर ऑफिसात होतात.

प्रेषक: श्रीपादकाका, क्यूपर्टिनो

कौस्तुभ, सईला हवं आहे तसं नाव लायसन्सवर होणार नाही. हे आधी कळलेलं बरं.

कॅलिफोर्नियाचा २००७ चा नेम इक्वालिटी कायदा १ जानेवारी २००९ पासून लागू आहे. लग्नानंतरचं नाव लायसन्सच्या अर्जातच लिहायचं, दोघांपैकी कुणीही बदलू शकतं. आडनावाला बरीच मोकळीक आहे: जोडीदाराचं, जन्माचं, दोन्ही जोडून. पण मधल्या नावात फक्त आडनावं बसतात, म्हणजे दोघांपैकी कुणाचं सध्याचं किंवा जन्माचं आडनाव, नाहीतर सध्याचं मधलं नाव आणि आडनाव हायफनने जोडून. नवऱ्याचं पहिलं नाव या यादीत नाही. पत्नीच्या नावापुढे पतीचं नाव ही आपली रीत त्या कायद्याच्या चौकटीत बसतच नाही. क्लार्कशी वाद घालून काही होत नाही, त्याच्या हातात ते नाही. पहिलं नावही या मार्गाने बदलत नाही.

सईला तुझं आडनाव लावायचं तर लायसन्सवर होईल. मधलं नाव वडिलांचंच राहील, किंवा तिथे तिचं माहेरचं आडनाव येईल. अनेक मुली हा दुसरा पर्याय घेतात आणि मला तो आवडतो, माहेरचं आडनाव नावात टिकतं. मधे कौस्तुभच हवं असेल तर सुपीरियर कोर्टात एनसी-१०० हा अर्ज करायचा. त्यात चार आठवडे वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागते आणि सुनावणीला काही महिने जातात.

भारतीय पासपोर्टमध्ये मधल्या नावाला वेगळा रकाना नाही. 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. क्लार्कने दोन्ही शब्द 'फर्स्ट नेम'मध्ये टाकले तर वडिलांचं नाव पहिल्या नावाचा भाग होऊन बसतं, मग तिथे माहेरचं आडनाव आणता येत नाही. छापण्याआधी तपासताना हे मुद्दाम बघा.

नोंद झाल्यावर विचार बदलला तर? दुरुस्तीचा व्हीएस २४सी नावाचा फॉर्म आहे, पण तो टंकनाच्या चुकांसाठी. नाव लिहायचं राहिलं किंवा नको होतं, यासाठी तो चालत नाही. आणि दुरुस्ती झाली तरी मूळ पान पुसलं जात नाही, दुरुस्तीचं पान जोडलं जातं.

व्हिसावर असलेल्यांनी घाई करू नये. लग्नाच्या लायसन्सवर नवं नाव आणि पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) जुन्या नावाने, अशा अवस्थेत डीएमव्हीत, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सच्या ऑफिसात, गेलं की इमिग्रेशनच्या नोंदीशी नाव जुळत नाही आणि काम लटकतं. क्रम असा ठेवा: सर्टिफाइड कॉपी, मग भारतीय पासपोर्ट, मग इमिग्रेशनचे कागद, मग सोशल सिक्युरिटी कार्डाचा एसएस-५ हा अर्ज, शेवटी डीएमव्ही. एसएस-५ ला फी नाही, पण झेरॉक्स चालत नाही, सर्टिफाइड कॉपीच दाखवावी लागते.

प्रेषक: नितीन, सॅक्रामेंटो

भारतात दाखवायच्या कागदाबद्दल. सर्टिफाइड कॉपीवर अपोस्टिल घ्यायचा, म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचा परदेशात चालणारा दाखला. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. अपोस्टिल देतो तो कॅलिफोर्नियाचा सेक्रेटरी ऑफ स्टेट. वॉशिंग्टनच्या स्टेट डिपार्टमेंटला पाठवलेले राज्याचे कागद परत येतात, कारण ते फक्त केंद्राचे कागद घेतात. फी एका कागदाला २० डॉलर. टपालाने पाठवायचं ते सॅक्रामेंटोला. लॉस एंजेलिसच्या ऑफिसात स्वतः जावं लागतं. कव्हर शीटवर 'इंडिया' लिहायला विसरू नका.

तिथे कागद नाकारला जातो तो बहुतेक सहीमुळे. कॉपीवर सही करणाऱ्या काउंटी अधिकाऱ्याची सही त्यांच्या दप्तरात असावी लागते. कपाटातली जुनी कॉपी पाठवण्यापेक्षा नवी काढा. तुम्ही स्वतः झेरॉक्स काढून नोटरी केलेल्या प्रतीवर अपोस्टिल मिळाला तरी तो नोटरीच्या सहीचा असतो, लग्नाच्या नोंदीचा नव्हे.

ज्यांचा जोडीदार परदेशी नागरिक आहे त्यांनी लक्षात ठेवा: लग्नाच्या आधारावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हवं असेल तर लग्न नोंदलेलं असून अर्जाआधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं.

प्रेषक: विद्या, नेपरव्हिल

मेधाताई, आमच्याकडचे लोक हे वाचून तसंच करतील आणि अडकतील, म्हणून लिहिते. इलिनॉयमध्ये लायसन्स ज्या काउंटीचं त्याच काउंटीत चालतं. कुक काउंटीचं लायसन्स घेऊन ड्यूपेज काउंटीतल्या हॉलमध्ये लग्न लावता येत नाही. ते दुसऱ्या दिवसापासून ६० दिवस चालतं, म्हणजे लग्नाच्या दिवशी सकाळी काढून भागत नाही. टेक्सासमध्ये ७२ तास थांबावं लागतं आणि मुदत ९० दिवस. तिथे सर्टिफाइड कॉपी लायसन्स देणारा काउंटी क्लार्कच देतो, ऑस्टिनच्या राज्य कार्यालयातून फक्त पडताळणीचं पत्र मिळतं. न्यू जर्सीत तर लायसन्स काउंटी क्लार्क देतच नाही, गावाचा लोकल रजिस्ट्रार देतो. तिथेही ७२ तास, आणि अर्जाच्या वेळीच एक सज्ञान साक्षीदार सोबत न्यावा लागतो. न्यूयॉर्क शहरात लायसन्स सिटी क्लार्क देतो आणि २४ तास थांबावं लागतं.

लग्नासाठी मिळणाऱ्या के-१ (फियान्से) व्हिसावर येणाऱ्यांना लग्न करायला मिळणारे ९० दिवस अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या तारखेपासून मोजतात. लायसन्सच्या ९० दिवसांशी त्याचा संबंध नाही.

प्रेषक: वसुधा, सॅन रमोन

माझ्या आई-बाबांचं लग्न १९८७ साली साताऱ्याला झालं, दाखला नाही. ग्रीन कार्डासाठी हवा आहे. इथल्या काउंटीत नोंद करून घेता येईल का?

प्रेषक: मेधाताई, फॉस्टर सिटी

वसुधा, नाही. परदेशात झालेलं लग्न इथली काउंटी नोंदवत नाही. आणि 'सोप्पं आहे, इथेच लायसन्स काढून पुन्हा लग्न लावा' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. आई-बाबांच्या जुन्या पासपोर्टांवर आणि व्हिसाच्या अर्जांवर १९८७ आहे. सर्टिफिकेटवर नवी तारीख आली की तुझ्या जन्माच्या वेळी ते विवाहित नव्हते असं कागद म्हणू लागतात, आणि पुढचा प्रत्येक अधिकारी त्याचं स्पष्टीकरण मागतो.

त्यांनी पुढच्या भारतभेटीत नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली विवाह निबंधकाकडे, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिका किंवा वॉर्ड ऑफिसात, उशिराची नोंदही होते. दोघांनी हजर राहावं लागतं, तीन साक्षीदार लागतात, लग्नपत्रिका किंवा फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, आणि पुरोहिताची सही. गुरुजी हयात नसतील तर काय चालेल हे आधीच तिथे विचारून घ्या. दाखला मिळतो तो नमुना 'ई' मध्ये. त्यावर लग्नाची तारीख १९८७ चीच आहे ना, आणि इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे ना, हे खिडकीवरून हलण्याआधी बघायला सांग.

दाखला फक्त मराठीत मिळाला तर इंग्रजी भाषांतर जोडायचं. भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे' असं लिहून सही, नाव, पत्ता आणि तारीख द्यायची. यूएससीआयएसला, म्हणजे ग्रीन कार्डाचे अर्ज बघणाऱ्या इमिग्रेशन खात्याला, त्यावर नोटरी लागत नाही, आणि भारतीय दाखल्यावर अपोस्टिलही लागत नाही.