‘नॉइज’ला गोंगाट म्हणावे का? आणि ‘अर्थिंग’ नेमके कशाचे?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांसाठी मी थर्मोकपल या तापमान मोजणाऱ्या साधनाविषयी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. ‘इलेक्ट्रिकल नॉइज’साठी मी ‘विद्युत गोंगाट’ असे लिहिले, तेव्हा फिटरने आवाज कुठून येतो असे विचारले. ‘ग्राउंडिंग’साठी ‘भूसंपर्कन’ लिहावे की ‘अर्थिंग’च ठेवावे? ‘थर्मोकपल’च्या जागी ‘तापयुग्म’ चालेल का?

उत्तर: ‘तापयुग्म’ हा शब्द अर्थाने चोख आहे, कारण दोन भिन्न धातूंच्या तारांची ती जोडीच असते, परंतु दुकानात आणि भांडाररजिस्टरात ‘थर्मोकपल’ असेच लिहिलेले असल्याने तोच ठेवावा.

‘गोंगाट’ मात्र काढून टाकावा. गोंगाट माणसांचा असतो, बाजाराचा असतो. रेडिओत आणि टेलिफोनवर नको असलेली वीज शिरली की आपण ‘खरखर’ म्हणतो, आणि जुन्या टीव्हीवर ‘मुंग्या’ येत असत. थर्मोकपलच्या बाबतीत कानाला काही ऐकू येत नाही, पडद्यावरचा शेवटचा आकडा तेवढा थरथरतो. तरीही ‘खरखर’ला टेलिफोनमुळे हा अर्थ आधीच चिकटलेला असल्याने ‘विजेची खरखर’ लगेच समजते. ती इतकी का जाचते, हेही पत्रकात यावे. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट एवढाच विजेचा दाब निर्माण होतो, म्हणजे बाहेरून एक मिलिव्होल्ट जरी शिरला तरी जवळजवळ २४ अंशांची चूक होते. शेजारून मोटरची केबल गेली असेल, तर तिच्यातील ५० हर्ट्झची वीज या तारांत सहज उतरते. म्हणून दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, मोटरच्या केबलपासून दूर ठेवाव्यात आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात.

खरा घोळ ‘अर्थिंग’ या शब्दात आहे. मोटरच्या अंगाला दिलेले अर्थिंग माणसाचा जीव वाचवते. थर्मोकपलच्या तारेचा किंवा तिच्यावरील जाळीचा, म्हणजे बाहेरची खरखर अडवणाऱ्या धातूच्या वेष्टनाचा, जमिनीशी आलेला संबंध हा मापनाचा शून्य ठरवण्यासाठी असतो. शब्द एकच असल्यामुळे ‘जितके अर्थिंग जास्त तितके चांगले’ ही समजूत पसरते. एका कारखान्यात मी स्वतः पाहिले आहे, की जाळी भट्टीकडेही जमिनीला जोडली होती आणि पॅनेलकडेही, आणि पंप सुरू झाला की आकडा ८ अंशांनी सरकत असे. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही आणि उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यामुळे दोन खड्ड्यांच्या विजेच्या पातळीत फरक पडतो आणि जाळीतून वीज फिरू लागते. या ‘ग्राउंड लूप’ला मी ‘अर्थिंगचा वळसा’ म्हणतो. तो टाळण्यासाठी जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडावी. अशा वेळी आकडा थरथरेलच असे नाही, तो स्थिर राहूनही चुकीचा असू शकतो. म्हणून याला ‘खरखर’ म्हणू नये, ‘आकडा सरकणे’ म्हणावे.

दुसरे उत्तर: वरील मताशी मी सहमत आहे, फक्त ‘जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडा’ एवढे लिहून थांबू नका. ज्या थर्मोकपलच्या दोन तारांचा जोड बाहेरच्या नळीला आतून चिकटवलेला असतो, तो यंत्राच्या अंगातूनच जमिनीला लागतो, आणि पॅनेलवरही तार जमिनीला लागली तर वळसा पूर्ण होतो. अशा ठिकाणी नळीपासून अलग जोड असलेले थर्मोकपल मागवावे. त्याला ‘अलग जोडाचे’ म्हटले की पुरते. अर्थात असा जोड तापमानातील बदलाला किंचित उशिरा प्रतिसाद देतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पत्रकातील वाक्य आता असे केले आहे: ‘थर्मोकपलच्या तारेवरील जाळी फक्त पॅनेलच्या बाजूला जमिनीला जोडावी, मोटरच्या व यंत्राच्या अंगाचे अर्थिंग कोणत्याही कारणाने काढू नये.’