मूत्रपिंडाचा विकार आणि लघवीतील मद्यतपासणी

गोदाकाठ, नाशिक:
माझे थोरले बंधू अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. मधुमेहामुळे त्यांची मूत्रपिंडे बरीच निकामी झाली असून रक्तातील क्रिएटिनिन ३ च्या पुढे असते. व्यसनमुक्ती केंद्राच्या तपासणीत त्यांच्या लघवीत इथिल ग्लुकुरोनाइड, म्हणजे ईटीजी आढळले. रविवारी आपण प्यायलो हे ते कबूल करतात, मात्र त्यानंतर थेंबही घेतला नाही, असे शपथेवर सांगतात. नमुना शुक्रवारी दिला होता आणि केंद्राच्या मते इतक्या दिवसांनी ईटीजी उरतच नाही. मूत्रपिंडाच्या आजाराने असा फरक पडू शकतो का?

सूक्ष्मदर्शक:
पडू शकतो. मद्याचा बहुतेक भाग यकृत जाळून टाकते. १ टक्क्याहूनही कमी भागाचे ईटीजी बनते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. निरोगी माणसात भरपूर मद्यपानानंतरही ते साधारण तीन दिवस, क्वचित त्याहून थोडे अधिक काळ सापडते. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटली, की तेच ईटीजी रक्तात रेंगाळते व हळूहळू उतरते, त्यामुळे हा कालावधी लांबतो. तरीही दुबळी मूत्रपिंडे ईटीजी निर्माण करत नाहीत. मद्य शरीरात गेले होते एवढेच या अहवालावरून समजते, कधी गेले हे नाही. केंद्राने निरोगी माणसाचे कोष्टक तुमच्या बंधूंना लावले, हे मला चुकीचे वाटते.

सातपूरकर:
लघवीत साखर असेल आणि नमुना उन्हाळ्यात बराच वेळ उघड्यावर पडून राहिला, तर यीस्टमुळे बाटलीतच मद्य तयार होते आणि काही जिवाणू त्यापासून ईटीजीही बनवू शकतात. इथिल सल्फेट हा मद्यापासून शरीरात बनणारा दुसरा पदार्थ मात्र असा बाटलीत तयार होत नाही. म्हणून त्याच नमुन्यात तेही तपासले का, हे मधुमेही रुग्णाच्या नातेवाइकांनी अवश्य विचारावे.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. रक्ताची एखादी तपासणी याचा निकाल लावेल का?

सूक्ष्मदर्शक:
फॉस्फॅटिडिल इथेनॉल ही तपासणी आहे. मद्य घेतल्यावर ते तांबड्या पेशींच्या आवरणात तयार होत असल्याने मूत्रपिंडांवर अवलंबून नसते, मात्र ते दोन ते चार आठवडे टिकते. रविवारचे मद्यपानही त्यात दिसू शकते, त्यामुळे शुक्रवारचा वाद त्याने मिटणार नाही. आत्ता एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासून आकडा उतरतो आहे का, हे पाहता येईल. मूत्रपिंडतज्ज्ञांकडून सध्याच्या गाळणक्षमतेची लेखी नोंद घेऊन ती केंद्राकडे द्यावी.