आजोबांची 1967 ची फियाट गोठ्यात गंजून उभी आहे, दुरुस्त करावी की विकावी?

प्रश्न: दर्यापूर तालुका

नमस्कार. आमच्या गोठ्यात आजोबांची फियाट 1100 डिलाइट उभी आहे. 1994 ला आजोबा गेले, तेव्हापासून तिला कोणी हात लावला नाही. दरवर्षी तिच्यावर तुरीचं कुटार चढत गेलं. मागच्या आठवड्यात गोठ्याची टिनं बदलायची म्हणून कुटार उपसलं, तेव्हा शाळेतल्या दिवसांनंतर पहिल्यांदा ती पूर्ण दिसली. चारही चाकं जमिनीत रुतलेली. मागच्या सीटच्या नुसत्या स्प्रिंगा राहिल्यात, त्यात कोंबडीनं अंडी घातलेली. पण स्टेअरिंगखालचा गिअरचा दांडा अजून चारही गिअरमध्ये बसतो. आजोबा बाजाराच्या दिवशी मला मांडीवर घेऊन तोच दांडा धरायला लावायचे.

भंगारवाला एकरकमी 28 हजार देतो म्हणतो. अमरावतीचा एक गाडीविक्या म्हणतो, रंग मारा, मी गिऱ्हाईक आणतो. आजी एवढंच म्हणते, "मी हाये तोवर इकाची नाई." मलाही विकवत नाही. पण कापसाच्या पैशातून किती ओतायचं, ते आधी कळलं पाहिजे. इंजिन जाम आहे, पंखा हातानं फिरत नाही. चुलतभाऊ म्हणतो, ट्रॅक्टरला बांधून ओढू आणि गिअरमध्ये टाकू. ओढू का?

उत्तर: गॅरेजवाला, मूर्तिजापूर

भाऊ, ओढू नोको. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरले चिकटल्या असतीन. ट्रॅक्टरचा झटका बसला तं रिंगा तुटतीन, पिस्टनही जाईन. मंग 28 हजारालेही कोणी इचारनार नाही.

चारही प्लग काढ. डिझेल आन् पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल निम्मं-निम्मं करून एकेका भोकात अर्धा कप सोड. दहा दिवस तसंच राहू दे, जिरलं तं अजून टाक. मंग गिअर न्यूट्रलले ठेव, प्लग बाहेरच राहू दे आन् क्रँकच्या पुलीच्या नटाले पाना लाव. सूतभर पुढं, सूतभर मागं. जोर नाही करायचा. एक डाव सुटलं का इंजिनाखालचं तेलाचं सम्प उतरवून सारा गाळ काढ.

पण इंजिन ही ल्हान गोष्ट हाये. हीच गाडी पुढं पद्मिनी झाली, 2000 च्या आसपासपर्यंत बनत होती. 1089 सीसीच्या इंजिनाचं सामान कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून भेटते. खरी गोष्ट पत्र्याची हाये. जीपले खाली येगळी चेसिस असते, वरचा टप सडला तं दुसरा बसवता येते. फियाटले तशी चेसिस नाही, पत्राच सारा भार घेते. दाराखाली जी लांब पेटी असते ना, तिथं स्क्रूड्रायव्हर दाबून पाय. टणक लागला तं गाडी जित्ती हाये. तुमचा खारपाणपट्टा, वरून गोठ्यातलं ढोराईचं मूत. पत्रा खालूनच खाल्ला असन.

आन् पेटी कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड कर. एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी कापायची. मी 1998 ले एका फियाटच्या दोन्ही पेट्या एकदमच कापल्या होत्या. गाडी मधात बसली, चारही दारं मंग कधीच बरोबर लागले नाहीत. मालक काहीच बोलला नाही, नुसता उभा राह्यला. मले ते अजून लागते.

रंगाचं आता नाव घेऊ नोको. गंजावर लांबी, म्हंजे पुट्टी, भरून रंग मारला तं दोन पावसाळ्यात फोड येतीन, आन् ज्यानं इकत घेतली त्याचा तळतळाट घरी येईन.

उत्तर: वर्धा

मिस्त्रीकाकांशी सहमत. त्याच्याही आधी कागद बघा. 2021 पासून 50 वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे. नवीन नोंदणीला 20 हजार शुल्क, मुदत 10 वर्षं, नंबर 'व्हीए' मालिकेत. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो. रॅली, प्रदर्शन, देखभाल अशा ठराविक कामांसाठीच ती रस्त्यावर आणता येते, रोज वापरता येत नाही. लग्नाच्या भाड्याचा विचार असेल तर सोडा. गाडीत मोठा फेरबदल चालत नाही, म्हणून कोणी डिझेल इंजिन बसवून देतो म्हणाला तर ऐकू नका.

मालक हयात नसल्यामुळे वारसाच्या नावावर करायला फॉर्म 31 लागेल. आणि चेसिस नंबरवर ग्राइंडर कधीच फिरवू नका. तो पुसला गेला तर सगळी मेहनत वाया.

प्रश्नकर्ता, 16 दिवसांनी

ट्रॅक्टर नाही लावला. दहा दिवस झाल्यावर परत तेल भरलं. काल संध्याकाळी पुली बोटभर फिरली. चुलतभावानं पाना खाली ठेवून आधी आजीला हाक मारली.

डाव्या पेटीत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, आतून ओला भुगा पडला. उजवी टणक आहे. दर्यापूरच्या वेल्डरला अँगलचं सांगितलं. फक्त डाव्या बाजूचे तो 14 हजार म्हणतो. यंदा तेवढंच करणार, ब्रेक आणि टाकी पुढच्या कापसावर.

आरसी बुक आजीच्या लोखंडी पेटीत, सातबाऱ्याच्या घडीत सापडलं. चेसिस नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसला, वर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली. एकेक आकडा उमटत गेला तसा आजी बुकातला वाचत गेली. शेवटचा आकडा पुसट होता, पुन्हा घासला. जुळला.